मी हातसुद्धा लावला नाही

माणूस आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कोणतं खोटं बोलत असेल? 'हा काय, निघालोच!' हे वाक्य बरंच वर येईल. पण पहिला नंबर माझ्या मते 'मी हातसुद्धा लावला नाही' याचाच. डब्यातले लाडू कमी झाले, मिक्सर जळला, शेजाऱ्याची स्कूटर आडवी झाली, की हे वाक्य तोंडातून आपोआप बाहेर पडतं. त्यासाठी विचार करावा लागत नाही. विचार करावा लागतो तो खरं बोलायला.

गेल्या महिन्यात एका सकाळी हे वाक्य मी चार वेळा बोललो. निमित्त व्हीपीएनचं.

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या भर रहदारीतून काढलेला खाजगी बोगदा. आपण घरी लेंगा घालून या तोंडाने आत शिरायचं आणि त्या तोंडाने थेट कचेरीतल्या फायलींत निघायचं. वाटेवरच्या कुणाला आतला माल दिसत नाही. अर्थात बोगद्याच्या दाराशी पहारेकरी असतो. नुसत्या पासवर्डाने त्याचं समाधान होत नाही, मोबाइलवर उमटणारा सहा आकडी संकेतांकही लागतो. त्या सकाळी पहारेकऱ्याने मला ओळखच दाखवली नाही. संकेतांक चुकीचा, म्हणाला. पुन्हा घातला. पुन्हा चुकीचा. पाचव्या वेळी त्याने माझं खातंच बंद करून टाकलं.

हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडे एक कोवळा आवाज.

"सर, काही बदल केलात का?"

"छे! मी हातसुद्धा लावला नाही."

बिचाऱ्याने खातं उघडून दिलं. मग म्हणाला, मॉडेम बंद करून चालू करा. केला. वायफाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवरून बघा. बघितलं. व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. टाकलं. प्रत्येक उपाय फसला की तो "नक्की काही बदललं नाही ना?" असं विचारी आणि मी चढत्या आवाजात तेच उत्तर देई. शेवटी "तुमचा सर्व्हरच बिघडलाय!" असं निदानही मी फुकटात करून टाकलं. दोष आपल्याकडे नाही म्हटल्यावर तो समोरच्याकडे असणारच, हे साधं तर्कशास्त्र आहे.

"सर, आता दहा वाजून पाच मिनिटं झालीत," तो नम्रपणे म्हणाला, "साडेदहापर्यंत बघून फोन करतो."

मी सवयीने मोबाइलकडे पाहिलं. सव्वादहा! माझ्या पोटात गोळा आला.

आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची चाल वडिलांपासूनची. ते पुढे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा वजा करून पूर्वीइतकाच उशीर करतो. फसवणारे आम्ही, फसणारे आम्ही आणि फसत कुणीच नाही. आदल्या रविवारी हाच संस्कार मी मोबाइलवर केला होता. तो वेळ आपणहून बरोबर ठेवत असतो, ती सोय बंद करून त्याला दहा मिनिटं पुढे ढकललं होतं.

आता गंमत अशी, की तो संकेतांक मोबाइलला कुणी पाठवत नाही. मोबाइल आणि सर्व्हर यांच्यापाशी सारखीच एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचं गणित दोघंही आपापल्या जागी बसून करतात आणि दर ३० सेकंदांनी नवे सहा आकडे काढतात. दोघांत बोलणं नाही, चालणं नाही. भरवसा एवढाच, की दोघांची वेळ एक आहे. थोडं इकडेतिकडे झालं तर सर्व्हर समजून घेतो. पण दहा मिनिटं म्हणजे वीस संकेतांक! माझा मोबाइल चक्क भविष्य सांगत होता. बरं, भविष्यही खरं. तेच आकडे दहा मिनिटांनी घातले असते तर दार उघडलं असतं. पण 'दहा वजा करायचे' हा आमचा घरगुती करार सर्व्हरला कुणी सांगितलाच नव्हता.

मग प्रश्न पडला, स्वतःशी बोललेलं खोटं हे खोटं की नाही? ज्यात दुसरा नाही त्यात पाप नाही, असं मी धरून चाललो होतो. पण घड्याळ ही एकट्याची वस्तू नव्हेच. रानात एकटा राहणाऱ्याला घड्याळ कशाला लागतंय? १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई पुढे कित्येक वर्षं आपली ३९ मिनिटं मागची वेळ धरून बसली होती. पण तो हट्ट निदान शहराने मिळून केलेला होता. मी एकट्यानेच निराळी वेळ काढली आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याकडून वसूल करत होतो.

एवढं तत्त्वज्ञान सुचल्यावर मी काय केलं? गुपचूप मोबाइलची वेळ बरोबर केली. दार उघडलं. साडेदहाला त्याचा फोन आला.

"सुरू झालं," मी म्हणालो.

"काय केलंत, सर?"

"काही नाही. आपोआप झालं."

'आपोआप' हा 'मी हातसुद्धा लावला नाही'चा सख्खा धाकटा भाऊ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कोवळा आवाज. "सर, कालचं कारण काही सापडलं नाही. रात्री बारापर्यंत सर्व्हरच्या नोंदी तपासल्या, आज परत बघतो. तुम्हाला त्रास झाला. सॉरी, सर."

त्या 'सॉरी'ने माझी मान खाली गेली. तो रागावला असता तर मी आणखी महिनाभर आरामात खोटं बोललो असतो. एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे क्षणभर शांतता.

"सर, मग कारण काय लिहू?"

"वापरणाऱ्याची चूक, असं लिहा."

"तसा रकाना आहे, सर," तो हसून म्हणाला. "पण तो नेहमी आम्हीच भरतो. कुणी सांगून भरायची माझी पहिलीच वेळ." मग हळूच म्हणाला, "आणि सर, आमच्या घरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे."

हल्ली माझा मोबाइल खरी वेळ दाखवतो. भिंतीवरचं घड्याळ मात्र वडिलांची आठवण म्हणून तसंच ठेवलं होतं. परवा त्यात बघून, शिस्तीत दहा वजा करून घराबाहेर पडलो, तर गाडी दहा मिनिटांपूर्वीच निघून गेलेली. कुणीतरी घड्याळ बरोबर लावून ठेवलं होतं.

घरी येऊन सौ.ला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. वर न बघताच म्हणाली, "मी हातसुद्धा लावला नाही!"