झाकण आणि अंगठा

हातात एक लायटर घ्या. सिगारेट ओढत नसलात तरी घरात कुठे ना कुठे एक असतोच. हल्ली देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी सापडतो. नसेलच तर डोळ्यांसमोर आणा. पेटवू मात्र नका. ज्योतीची पाळी बऱ्याच उशिरा येणार आहे.

नुसता धरून बसा. चार बोटं एका अंगाला गेली आहेत आणि अंगठा आपसूक वरच्या टोकाशी जाऊन बसला आहे. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. खिशातल्या लायटरची सगळी रचना या एका अंगठ्याभोवती बेतलेली असते. त्याआधी खिशातल्या आगीला दोन हात लागत. शेतकऱ्याच्या, धनगराच्या चंचीत चकमक असे: एका चिमटीत गार आणि तिच्या कडेशी दाबून धरलेला कापूस, दुसऱ्या हातात पोलादाचा तुकडा. काडेपेटीलाही दोन हात लागतात, आणि वारा असला तर तिसरा असता तर बरं झालं असतं असं वाटतं. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांनी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे लायटर केले. तिथे वारा होता, चिखल होता आणि एक हात बहुतेक वेळा गुंतलेला होता.

आता मनात दोन लायटर शेजारी शेजारी ठेवा. फार नाहीत, दोनच.

पहिला झिप्पो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचं तेलविहिरींचं जुनं गाव आहे. तिथे जॉर्ज ब्लेझडेल यांनी १९३२ साली कंपनी काढली आणि १९३३मध्ये पहिला लायटर विकायला आणला. किंमत एक डॉलर ९५ सेंट. त्यांच्यासमोर नमुना होता एका ऑस्ट्रियन लायटरचा. तो वाऱ्यात टिकायचा, पण त्याचं झाकण सुटं होतं, काढायला दुसरा हात लागायचा. ब्लेझडेल यांनी वातीभोवतीची चिमणी ठेवली, पेटी मुठीत बसेल अशी चौकोनी केली आणि झाकण बिजागरीने पेटीला जोडलं. शोध म्हणावा असं यात फारसं काही नाही. एक बिजागरी. पण तिच्याकडे थोडा वेळ बघा, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर टांगलेलं आहे.

दुसरा बिक. याच नावाच्या फ्रेंच कंपनीने १९७३ साली आणलेला, प्लास्टिकचा, संपला की टाकायचा. आडव्या छेदात लंबगोल, म्हणून बोटांत फिरत नाही. दातेरी चाक, त्याला लागून एक खटका, पोटात दाबाखाली ठेवलेला ब्युटेन. झाकण नाहीच.

यातला जो हाताशी असेल त्याच्या चाकावर अंगठा टेकवा आणि ते सावकाश फिरवा, ठिणगी पडणार नाही इतकं सावकाश. खरखर जाणवेल. चाकाखाली करड्या रंगाची एक बारीक कांडी आहे आणि खालून स्प्रिंग तिला वर रेटते आहे. दिसायला दगड, पण आहे धातू: सेरियम आणि त्याच्या भाऊबंद धातूंत लोखंड मिसळून केलेला. जुन्या चकमकीत गार कठीण असे. ती पोलादाचा कीस काढी आणि तो कीस पेटे. लायटरमध्ये कामं बदलली. इथे पोलादी चाक किसणी झालं आणि गारेच्या जागी बसलेली कांडी स्वतःच जळते. सेरियम इतका तापट की त्याच्या किसाला पेटायला किसण्यातली ऊबच पुरते. लोखंड घातलं ते त्याला कडकपणा यावा म्हणून.

हा मिश्रधातू ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांचा, पेटंट १९०३चं. त्यांचं आधीचं मोठं काम आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरलेल्या, तमाशाच्या फडात टांगलेल्या गॅसबत्तीचं मेंटल, ती पांढरीशुभ्र तळपणारी जाळी, मुळात त्यांची. त्या जाळीला ९९ टक्के थोरियमचं ऑक्साइड लागे आणि सेरियमचं उणंपुरं एक टक्का. ज्या मोनाझाइट वाळूतून हा माल काढत, तिच्यात मात्र सेरियमच रगड. थोरियम काढून घेतल्यावर मागे ढीग उरे. त्याचं करायचं काय? वेल्सबाख त्या ढिगाच्या मागे लागले आणि त्यातून ठिणगी निघाली. इथे थोडं रेंगाळा. जगभरच्या खिशांतली आग एका कारखान्याच्या उरल्यासुरल्यातून सुरू झाली.

आणि ती वाळू आपल्याही किनाऱ्यावर होती. १९०९ साली शोमबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळलं, आणि मग कन्याकुमारीजवळच्या मणवाळकुरिचीला खाणकाम सुरू झालं. आपल्याकडे पानटपरीच्या खांबाला काथ्याचा सुंभ लोंबत असे, टोकाशी धुमसणारा. गिऱ्हाईक यायचं, विडी टेकवायचं, दोन झुरके मारून चालू लागायचं. पुढे त्याच खांबाला दोरीने बांधलेला लायटर आला. सुंभाला हटवणाऱ्या ठिणगीचा एक पदर काथ्यातच गुंतलेला निघावा, ही गोष्ट मला आवडते. तिचा उपयोग काही नाही.

चाक सोडा. आता पोटाकडे या.

झिप्पोच्या पोटात नॅप्था असतो, पेट्रोलच्या जातकुळीचा, कापसासारख्या बोळ्यांत मुरलेला. वात त्यातून वर येते. तिच्यात तांब्याची बारीक तार विणलेली असते. पंप नाही, झडप नाही, द्रव आपल्या आपण वर चढतो. आपल्या आपण उडूनही जातो: भरून ठेवला आणि हात लावला नाही तरी एक-दोन आठवड्यांत कोरडा. झिप्पोवाल्याला त्याच्याकडे लक्ष द्यावंच लागतं. बिकचं तसं नाही. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, म्हणजे आपल्या हवेत त्याला द्रव म्हणून राहायचं असेल तर साधारण दुप्पट वातावरणाच्या दाबाखाली कोंडून घ्यावं लागतं. म्हणून त्या पोटाला जाड भिंत, आणि बऱ्याचशा लायटरांत मधोमध एक आडभिंत. पारदर्शक असेल तर उजेडाकडे धरा, आत द्रव हिंदकळताना दिसेल. तो प्रत्यक्षात सतत बाहेर यायला टेकलेला आहे. महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडून असतानाही टेकलेलाच. एक इवलीशी झडप आणि तिच्यामागची स्प्रिंग त्याला अडवून धरते, दिवसरात्र.

आता पेटवा. वारा नसलेल्या जागी, पडद्यापासून लांब.

ज्योतीकडे बघू नका, अंगठ्याकडे बघा. बिक असेल तर अंगठा खटक्यावर दाबलेला आहे. ही ज्योत तुमच्या स्नायूवर उभी आहे. लक्ष उडालं, फोन वाजला, हात सैल पडला, तर ती त्याच क्षणी मेली. मुद्दाम विझवण्याची सोयच त्यात नाही, कारण गरज नाही. सोडणं म्हणजेच विझवणं. झिप्पो असेल तर अंगठा केव्हाच मोकळा झाला आहे. चाक फिरलं, वात पेटली, तुमचं काम संपलं. आता ती तुमच्यावाचून जळते. टेबलावर ठेवा, जळते. हातातून पडली तरी बहुधा जळतच राहते, आणि सिनेमावाल्यांनी पेट्रोलच्या ओघळावर पेटता झिप्पो फेकण्याची जी चाल रूढ केली ती याच्याच भरवशावर. बिक असा फेकता येत नाही. झिप्पोला थांबवायला तुम्हाला परत यावं लागतं, झाकण लावावं लागतं. बिजागरीचं खरं काम हेच. विझवायची वस्तू हरवता कामा नये.

तर एकात चालू ठेवणं हे कर्म आहे आणि दुसऱ्यात थांबवणं हे कर्म आहे. आपल्या ज्या ज्या सवयी पेटत्या आहेत, त्या एकेक करून या दोन खणांत टाकून बघा. मी इथे मदत करत नाही. हा हिशोब ज्याचा त्याने, ज्योत विझवून, निवांत करावा.

माझं मत विचाराल तर झिप्पो देखणा आहे आणि बिक शहाणा. झिप्पोची चिमणी बघा: दोन्ही अंगांना आठ-आठ, मिळून सोळा भोकं. भोकांतून ज्योतीला हवा मिळते पण झोत आत शिरताना तुटतो, आणि तापलेली वाफ भिंतींच्या आड टिकून राहते. वाऱ्याला पुरतं अडवलं असतं तर आग गुदमरली असती, पुरतं आत घेतलं असतं तर विझली असती. दुसऱ्या महायुद्धात पितळ मिळेना तेव्हा कंपनीने हाच लायटर पोलादाच्या पत्र्यात, खरखरीत काळ्या रंगात काढला आणि सगळा माल अमेरिकी सैन्याकडे पाठवला. आकृती जशीच्या तशी राहिली. धातू बदलून, रंग बदलून जी टिकते ती रचना पक्की समजावी.

सिगारेटला या दोन स्वभावांतला फरक कळतही नाही. तिचं काम दोन सेकंदांचं. सिगारला कळतो. सिगारचं तोंड रुंद असतं. ते आधी ज्योतीच्या वर, न टेकवता, गोल गोल फिरवत शेकायचं आणि मग ओढायचं असतं. अर्धं मिनिट तरी जातं. नॅप्थाचा वास तंबाखूच्या पानाला लागतो, म्हणून सिगारवाल्यांना ब्युटेन हवा. आणि ब्युटेनचा साधा लायटर अर्धं मिनिट धरून ठेवला की वरची पत्र्याची टोपी तापते, अंगठा भाजायला लागतो. अंगठ्यावर उभी केलेली आग इथे मर्यादेला पोचते. मग सिगारसाठी वेगळे लायटर झाले: मोठे, जड, निळ्या धारेचे. त्यांच्यात वायू पेटण्याआधीच हवेत मिसळतो, म्हणून ज्योत पिवळी डोलत नाही. सोनाराच्या फुंकणीसारखी ताठ, सुसाट येते. ठिणगीही बहुधा विजेची. दाब दिला की काही स्फटिकांत वीज उपजते हे क्यूरी बंधूंनी १८८०मध्ये दाखवलं होतं. गॅसच्या शेगडीपाशी जो लायटर टक टक करतो, तोही त्यातलाच. सोय झाली खरी. पण सावकाश शेकायच्या गोष्टीसाठी दोन-दोन, तीन-तीन धारांचे भाते खिशात बाळगणं मला जरा हास्यास्पद वाटतं. जो मनुष्य तासभर सिगार ओढणार आहे त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटाची एवढी घाई का?

आता झाकण लावा. झिप्पो नसेल तर कानांनी आठवा: उघडताना एक खट्ट, मिटताना एक. आत एक छोटा खटका आणि पट्टीची स्प्रिंग असते, ती झाकणाला अधांतरी राहू देत नाही. एक तर उघडं, नाही तर बंद. हा आवाज कंपनीने अमेरिकेत २०१८ साली ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घेतला. फ्रान्सच्या एस. टी. ड्युपाँचं झाकण तर चांगल्या धातूच्या भांड्यावर नख वाजवावं तसं किणकिणतं, आणि त्यांचे ग्राहक त्या किणकिणण्याचे पैसे मोजतात. त्या कंपनीचा पहिला लायटर १९४१चा. त्याचं मूळ ती पतियाळाच्या महाराजांच्या मागणीत सांगते. पेटण्याचा आवाज मात्र कुणी विकत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. बिकला लहान मुलाचा अंगठाही चालत होता. हलका, रंगीत, सोपा लायटर म्हणजे मुलाच्या हिशोबी खेळणंच. अमेरिकेत १९९४पासून नियम लागू झाला की लायटर पाच वर्षांखालच्या मुलांना सहजी पेटवता येऊ नये. त्याची चाचणी अशी: साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या हातात इंधन नसलेला, हुबेहूब तसाच लायटर द्यायचा. पेटण्याजोगी क्रिया झाली की तो आवाज करतो किंवा दिवा लावतो. निदान ८५ टक्के मुलांना ते जमता कामा नये. म्हणून चाकावर तो पत्र्याचा पट्टा आला, स्प्रिंग कडक झाली. तोवर जी रचना अंगठ्याला सोपं जावं म्हणून घासूनपुसून केली होती, ती मुद्दाम थोडी अवघड केली गेली. चाक फिरवताना जो जास्तीचा जोर लागतो तो कुणाच्या तरी मुलासाठी आहे, हे एकदा कळलं की त्या जोराची कुरकुर करवत नाही.

शेवटी लायटर उलटा करा. झिप्पोच्या बुडाशी तो कोणत्या वर्षाचा हे सांगणारी खूण असते, आणि बिघडला तर ब्रॅडफर्डला फुकट दुरुस्त होतो. १९३३चा असला तरी. बिकच्या बुडाशी भरायला भोक नाही. आपल्या टपरीवरच्या स्वस्त लायटरांना बहुतेकदा एक बारीक झडप असते, तिच्यातून तो पुन्हा भरता येतो, आणि भरणारे भरतातही. २० रुपयांहून कमी किमतीच्या लायटरांची आयात सरकारने जून २०२३मध्ये बंद केली, ती तमिळनाडूतल्या शिवकाशी-कोविलपट्टीच्या काडेपेटीवाल्यांच्या तक्रारीमुळे. वायू संपलेल्या लायटरचं चाक एकदा फिरवून बघा. ठिणगी बहुधा पडते. कांडी वायूपेक्षा जास्त पुरते. टाकण्याआधी वरची टोपी पक्कडीने उचकटली तर ती कांडी काढून दुसऱ्या लायटरला चालते. फक्त स्प्रिंग जोरात उडते, तेव्हा डोळे सांभाळा.