समेट आणि भीती

धाराशिव जिल्ह्यात बांधाच्या वादातून कुणी ‘गावात राहू देणार नाही’ असे धमकावले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ अन्वये (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेचे ५०६) दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र साधी धमकी तडजोडपात्र आहे. धमकावलेल्याने संमती दिली व ती नोंदली गेली, की आरोपी निर्दोष सुटतो. लोकअदालतीतही असे समेट होतात. समेट आपणां ख्रिस्ती माणसांना प्रियच. परंतु भ्यालेल्याची संमती कितपत मोकळी? उद्या त्याला त्याच बांधावरून, त्याच विहिरीवर जायचे असते. क्षमा अपराध्याने मागायची. येथे पुष्कळदा गावकीच्या आग्रहाखातर फिर्यादीच हात जोडतो. सही घेण्यापूर्वी न्यायाधीशांनी त्याला एकान्तात विचारावे : भीती गेली का?