किती उरले, की किती जवळ उरले?

शिंपला म्हटलं की चिखलात निपचित पडलेला जीव आठवतो. स्कॅलप त्यातला नव्हे. त्याच्या मऊ कडेने बारीक डोळ्यांची रांग असते, काहींत दोनशेपर्यंत, आणि प्रत्येक डोळ्यात भिंगामागे स्फटिकांचा आरसा. धोका जाणवला की तो दोन्ही कवचं झपाझप मिटतो, पाणी फेकतो आणि उसळ्या मारत पोहत सुटतो. कवच मिटणारा तो जाड पांढरा स्नायूच हॉटेलात बशीतून पुढ्यात येतो. ज्याच्या जोरावर तो पळतो, तेच आपण खातो!

लोखंडी चौकट आणि कड्यांची पिशवी असलेलं ड्रेज समुद्रतळ खरवडत येतं, तेव्हा काही निसटतात. पण निसटलेल्यांचंही निभतंच असं नाही. स्कॅलप आपली स्त्रीबीजं आणि शुक्राणू उघड्या पाण्यात सोडतात. वस्ती विरळ झाली की ती एकमेकांना भेटण्याआधीच पांगतात. मासेमारीचे हिशेब टनांत मांडतात. मला मात्र उरलेल्यांमधलं अंतर जास्त बोलकं वाटतं.

अमेरिकेच्या ईशान्येला जॉर्जेस बँक नावाचं उथळ सागरी पठार आहे. डिसेंबर 1994 मध्ये तिथले मोठे पट्टे ड्रेज आणि ट्रॉल जाळ्यांसाठी बंद झाले. ते स्कॅलपच्या काळजीपोटी नव्हे. कॉड, हॅडॉक आणि फ्लाउंडर हे मासे वाचवायचे होते. 1998 पर्यंत बंद पट्ट्यांतला स्कॅलपचा साठा सुमारे चौदापट झाला. हॅडॉक कालांतराने सावरला, कॉड आजही सावरलेला नाही. कॉड बंदीची हद्द सहज ओलांडतो. स्कॅलप पोहत असला तरी फार लांब जात नाही. शिवाय तिसऱ्या ते पाचव्या वर्षादरम्यान त्याचं मांस जवळपास चौपट होतं, म्हणजे थांबण्याचा मोबदला रोखठोक.

1999 मध्ये काही भाग पुन्हा खुला झाला. 2004 पासून पट्टे आळीपाळीने बंद-खुले ठेवण्याची पद्धत आली, लहान स्कॅलप निसटावेत म्हणून ड्रेजची कडीही चार इंचांची झाली. त्याच किनाऱ्यावरच्या न्यू बेडफर्ड बंदराची भरभराट मुख्यतः याच स्कॅलपवर आहे. आपल्याकडची पावसाळी बंदी दोन महिन्यांची, सगळ्या किनाऱ्याला सरसकट. तिथे एकेक पट्टा वर्षानुवर्षं राखला जातो.

अपघाताने हाती आलेल्या या यशाला दूरदृष्टी म्हणायला मी तयार नाही. शिवाय हे वेळापत्रक स्कॅलपच्या वाढीवर बेतलेलं आहे. त्याच समुद्रतळावरच्या गोट्यांवर स्पंज आणि इतर चिकटून वाढणारे जीव असतात, ड्रेज त्यांनाही उपटतं. त्यांतल्या काहींना पुन्हा उभं राहायला चार-पाच वर्षं पुरत नाहीत, आणि पट्टा तर तोवर खुला झालेला असतो.