ठेवलेले शस्त्र

वापरायचे नसलेले शस्त्र घरात जपून ठेवावे का, हा प्रश्न धर्मचिंतनात फार जुना आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत तो आजही माळ्यावरच्या ट्रंकेत पडून आहे. कुठे पणजोबांची कट्यार असते, कुठे बिचवा, कुठे मूठ सैल झालेली तलवार. हौसेने जमवलेल्या सुऱ्या, खुकरी, जंबिये यांचे छोटे संग्रहही आता अनेकांकडे दिसतात. अशा संग्रहाची निगा कमी खर्चात कशी राखावी, हा प्रश्न वरवर पाहता तेलाचा आणि पेटीचा वाटतो. पण पाते कुठे ठेवायचे, कितीदा हातात घ्यायचे, कोणाच्या हाती सोपवायचे हे ठरवताना माणूस हिंसेपासून किती अंतर राखणार हेही ठरवत असतो. भारतीय परंपरांनी या अंतराचा विचार बारकाईने केला आहे.

या विषयावरचा सर्वांत भेदक प्रसंग वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात येतो. दंडकारण्यातल्या ऋषींना राक्षसांपासून अभय देण्याचे वचन राम देतो आणि सुतीक्ष्णाच्या आश्रमातून पुढे निघतो. तेव्हा सीता त्याला थांबवून बोलते. वैर नसताना कोणावर शस्त्र उगारणे हा मोठा दोष आहे, असे सांगून ती एका तपस्व्याची कथा ऐकवते. त्याच्या तपात विघ्न आणण्यासाठी इंद्र योद्ध्याच्या वेषात आश्रमात येतो आणि आपली तलवार ठेव म्हणून त्याच्याकडे सोपवतो. ठेव सांभाळणे हा धर्मच, म्हणून तपस्वी ती जिवापाड जपतो. कंदमुळे आणायला रानात निघाला तरी तलवार बरोबर असते. तिच्याशिवाय तो पाऊल टाकत नाही. हळूहळू त्याचे मन तपावरून उडते, क्रूरतेकडे वळते आणि अखेर तो अधोगतीला जातो. शस्त्राचा सहवास अग्नीच्या सहवासासारखा असतो, असे सीता म्हणते.

या कथेतला तपस्वी लोभी नाही, चोर नाही, विश्वासघातकीही नाही. तो प्रामाणिक राखणदार आहे आणि त्याचा घात त्याच्या राखणदारीतूनच होतो. इंद्राने त्याला मोहात पाडणारी वस्तू दिली नाही, जबाबदारी दिली. जबाबदारी पाळताना वस्तू सतत अंगाशी राहिली आणि अंगाशी राहिलेल्या वस्तूने मनात घर केले. शस्त्र तटस्थ असते, चांगलेवाईट वापरणाऱ्यावर अवलंबून असते, हे सुभाषितवजा उत्तर या कथेपुढे टिकत नाही. तपस्व्याने तलवार वापरायचे ठरवण्याच्या कितीतरी आधी तलवारीने त्याला बदलायला सुरुवात केली होती.

रामाचे उत्तरही तितकेच गंभीर आहे. पीडितांचा आक्रोश उठू नये म्हणूनच क्षत्रिय धनुष्य धारण करतात, असे तो सांगतो. शिवाय वचन दिले गेले आहे. म्हणजे शस्त्राला प्रयोजन हवे, हे दोघांनाही मान्य आहे. रामाजवळ ते आहे. तपस्व्याजवळ नव्हते, आणि संग्रह करणाऱ्याजवळही नसते. म्हणून संग्राहकाने रामाच्या उत्तराच्या आडोशाला जाऊ नये. त्याला लागू पडतो तो सीतेचा इशारा.

मग तपस्व्याचे नेमके चुकले काय? ठेव नाकारणे त्याला शक्य होते की नाही, यावर कथा काही बोलत नाही. मात्र त्याच्या राखणीतल्या दोन उणिवा उघड दिसतात. तलवारीला ठरलेली जागा नव्हती आणि ती हाताळण्याला मर्यादा नव्हती. या दोन्ही गोष्टी जिथे काटेकोर पाळल्या गेल्या, तो प्रसंग महाभारताच्या विराटपर्वात आहे.

वनवासानंतरच्या तेराव्या, अज्ञातवासाच्या वर्षी विराटाच्या नगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या एका मोठ्या शमीच्या झाडावर ठेवली. हे वर्णन शस्त्रे साठवण्याच्या पाठासारखे वाचता येते. आधी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. मग नकुल झाडावर चढला आणि ज्या फांद्या मोडणार नाहीत, जिथे पावसाचे पाणी पोचणार नाही, अशा जागा पाहून त्याने शस्त्रे घट्ट बांधली. शेजारी एक प्रेत टांगले, म्हणजे दुर्गंधीमुळे कोणी जवळ फिरकणार नाही. वाटेतल्या गुराख्यांना त्यांनी सांगितले की, ही आमची वृद्ध माता आहे आणि असे करणे हा आमचा कुळाचार आहे. ओलावा, ताण, चोरी आणि कुतूहल या चारही संकटांची सोय एका झाडावर झाली. मुदतही ठरलेली होती: वर्ष पुरे होईपर्यंत हात लावायचा नाही. पुढे कौरवांनी विराटाच्या गाई पळवल्या तेव्हा अर्जुनाने राजपुत्र उत्तराला त्याच झाडावर चढवून शस्त्रे खाली उतरवली. गांडीव झाडावर असताना अर्जुन बृहन्नडा होऊन नृत्य शिकवू शकला. सीतेच्या कथेतल्या तपस्व्याला तलवार कमरेला असताना तप करता आले नाही. साऱ्या प्रश्नाचे मर्म या दोन चित्रांमधल्या फरकात आहे.

श्रमणपरंपरांची भूमिका याहून कठोर आहे. जैन आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाने टाळायच्या निरर्थक पापांमध्ये हिंसादानाचा समावेश आहे. हिंसादान म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याला देणे. त्या यादीत परशू आणि तलवार आहेत, तशीच कुदळ, अग्नी आणि साखळदंडही आहेत. यादीत कुदळ पाहून आजचा वाचक थबकेल. पण जमिनीतल्या जिवांचाही विचार करणाऱ्या धर्माला ती वगळता येणार नव्हती. बौद्ध परंपरेत अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा. दोन्हीकडे बोट ठेवले आहे ते देणाऱ्या हातावर. घरात पाते असणे आणि ते दुसऱ्याच्या हाती जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचा हिशेब देणाऱ्याला टाळता येत नाही. संग्रहातली वस्तू कोणाला मिरवायला देताना, विकताना किंवा भेट देताना ही कसोटी लावलीच पाहिजे. वाढदिवसाला तलवारीने केक कापण्याची आणि मिरवणुकीत पाते नाचवण्याची जी प्रथा बोकाळली आहे, तिच्यासाठी आपल्या घरातले शस्त्र देणे हे शब्दशः हिंसादान आहे.

स्पर्शाची मर्यादा महाराष्ट्राने सणात बसवली. नवरात्रातल्या नवमीला, खंडेनवमीला, शस्त्रे बाहेर निघतात, स्वच्छ होतात, पूजली जातात. त्याच दिवशी कारागीर आपली हत्यारे पूजतो, चालक गाडी पूजतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शमीपूजन होते, त्यामागे पांडवांच्या त्याच झाडाची आठवण आहे. नांदेडला, जिथे गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवला, त्या हुजूर साहिबमध्ये त्यांची शस्त्रे जपलेली आहेत. दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या तख्तस्नानात गोदावरीच्या पाण्याने तख्त धुतले जाते आणि शस्त्रेही स्वच्छ केली जातात. पाते वर्षभर दृष्टीआड राहते आणि नेमल्या दिवशी चारचौघांच्या देखत, कुटुंबाच्या किंवा संगतीच्या साक्षीने हाती येते. तपस्व्याच्या एकान्तातल्या राखणदारीला याहून चांगला उतारा शोधणे कठीण आहे.

खंडेनवमीचा उपयोग निगेच्या दृष्टीनेही मोठा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो. चार महिन्यांच्या दमटपणाने पात्याचे काय केले हे तेव्हाच पाहायचे असते. मात्र पूजेनेच नुकसान होऊ नये एवढी काळजी घ्यावी लागते. ओले कुंकू, अक्षता, झेंडूची फुले आणि शिंपडलेले पाणी पात्यावर रात्रभर राहिले की दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस डाग दिसतात. गंधफूल मुठीजवळ किंवा खालच्या वस्त्रावर वाहावे आणि पूजा उतरवताच पाते कोरडे पुसून त्याला तेल लावावे.

जपणुकीला खर्च फारसा लागत नाही. लोखंड गंजायला ओलावा आणि हवा पुरते, मिठाने ते काम वेगाने होते. घामात मीठ असते, म्हणून बोटांचा ठसा जिथे उमटतो तिथेच पुढे गंज धरतो. पाते हातात घेतले की ठेवण्यापूर्वी पुसायचे, हा पहिला नियम फुकटचा आहे. धुऊन मऊ झालेले जुने धोतर किंवा सुती साडीचा तुकडा त्याला पुरतो. त्यानंतर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात. खोबरेल किंवा मोहरीचे तेल घरात असते, पण काही महिन्यांत ते खवट आणि चिकट होते, धूळ धरते. खनिज तेलाचे तसे होत नाही.

सर्वांत जास्त पाती म्यानातच खराब होतात. चामडे ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात. पितळी मुठीवर हिरवा थर चढतो तोही बहुधा त्यामुळेच. म्हणून पाते आणि म्यान वेगवेगळे ठेवावे. जाड सुती कापडाला कप्पे शिवून केलेली गुंडाळी कोणताही शिंपी थोडक्या पैशांत करून देतो. गुंडाळीत पाती एकमेकांवर घासत नाहीत आणि उघडणाऱ्याचा हातही कापत नाही. ही गुंडाळी झाकण घट्ट बसणाऱ्या पेटीत ठेवावी. पेटी पत्र्याची असली तरी चालते. नव्या प्लायवूडच्या पेटीतून मात्र आम्ल वाफा निघत राहतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या भिजल्या की कोरड्या उष्णतेवर तापवून पुन्हा वापराव्यात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 50 टक्क्यांखाली असली की पोलाद सुखी असते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे बंद पेटीतच साधते. भिंतीवर टांगलेले शस्त्र दिसायला रुबाबदार असते, पण ओल, धूळ आणि पाहुण्यांचे हात या तिन्हींना ते उघडे पडते. तपस्व्याची तलवारही अशीच कायम डोळ्यांसमोर होती.

जुन्या पात्यावर राख, चिंच किंवा सँडपेपर घासणे हा अपराध समजावा. जोहरदार पोलादावरची पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आणि मुठीवरचे सोन्याचे काम अशा घासण्याने कायमचे जाते. थोडा गंज असेल तर तेलात भिजवून, मऊ कापडाने, दिवसेंदिवस धीराने काढावा. खोल गेलेला गंज तसाच राहू द्यावा आणि तेलाने त्याची वाढ रोखावी. चकाकीसाठी इतिहास खरवडणे हेही एक प्रकारचे हिंसक वागणेच आहे.

जपानने या बाबतीत फार सुंदर तोडगा काढला. तिथे जुन्या तलवारीचे पाते नक्षीदार म्यानात ठेवत नाहीत. ते मॅग्नोलियाच्या लाकडाच्या साध्या, अनलंकृत म्यानात विसावते. त्याला शिरासाया म्हणतात. हे म्यान भाताच्या खळीने चिकटवलेले असते, म्हणजे आत घाण साचली तर उघडून साफ करता येते. शोभिवंत साज वेगळा ठेवतात आणि त्याचा आकार टिकावा म्हणून त्यात लाकडी पाते घालतात. पात्याला लावायच्या तेलाला लवंगेचा मंद वास असतो. मिरवण्याचा साज एकीकडे आणि विश्रांतीचे घर दुसरीकडे, ही विभागणी इथल्या सुताराकडूनही करून घेता येईल. त्यासाठी लागणारे लाकूड मात्र पुरते वाळलेले हवे.

संग्रह किती वाढवावा, यालाही उत्तर आहे. पावसाळ्यानंतर एका दिवसात जितकी पाती स्वतःच्या हाताने पुसून, तपासून, तेल लावून होतील, तितकीच जवळ असावीत. त्यापुढची केवळ मालकी असते. अपरिग्रहाचे व्रत गृहस्थाला सर्वत्याग सांगत नाही, परिमाण ठरवायला सांगते. स्वस्त साधनांनी आणि थोड्या वस्तूंनी केलेली जपणूक त्या परिमाणात सहज बसते.

राहतो तो व्यवहार. भारतातल्या शस्त्रनियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे वेगळ्या वर्गात येतात आणि सरकारने अधिसूचना काढलेल्या भागांत ती बाळगायला परवाना लागतो. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. शंभर वर्षांहून जुने शस्त्र 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि ते परदेशी नेण्यावर बंधने आहेत. घरात लहान मूल असो, रागीट माणूस असो किंवा मनाने खचलेले कोणी असो, पेटीला कुलूप हवेच आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. ज्यांच्या घरी असे जुने पाते आहे, त्यांनी ते कोणाचे, कुठून आले, कोणत्या प्रसंगी वापरले गेले आणि पुढे कोणाकडे जावे, हे एका कागदावर लिहून पेटीत ठेवावे. आणि पुढे सांभाळणारे कोणी नसेल, तर आपल्या हयातीतच ते एखाद्या संग्रहालयाला द्यावे.