विखुरलेल्या वह्या आणि मौनाचा धर्म

भिंगारच्या बाजारांत भाजी घेणारा मनुष्य आज खिशांतून नाणीं क्वचितच काढतो. दुकानाशीं टांगलेल्या चौकोनी चित्रावर तो आपला फोन धरतो, आंकडा लिहितो, आणि क्षणार्धांत पैसे पोंचल्याची ग्वाही दोघांसही मिळते. बहुधा मिळते, असें म्हटलें पाहिजे. कधीं कधीं असेंही होतें कीं, देणाराच्या खात्यांतून रक्कम वजा झालेली असते आणि घेणाराच्या खात्यांत ती जमा झालेली नसते. 'पैसे गेले' म्हणणारा खोटें बोलत नसतो आणि 'पैसे आले नाहींत' म्हणणाराही खोटें बोलत नसतो. दोघांच्या हातीं दोन वह्यांच्या दोन साक्षी असतात, व त्या परस्परांशीं जुळत नाहींत. ह्या न जुळण्याच्या काळांत वही राखणाराचें कर्तव्य काय, हा प्रश्न आपण यंत्रज्ञांचा म्हणून सोडून देतों. आमच्या मतें तो नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. आणि ज्या ज्या कुटुंबाची शिल्लक, जमीन व औषधोपचार यांच्या नोंदी अशा वह्यांत पडून आहेत, त्या प्रत्येकास त्याचा विचार करण्याचा अधिकार आहे.

पूर्वीं दुकानदाराची चोपडी एकच असे. ती जळली म्हणजे व्यवहाराची स्मृतिही जळे. आजच्या मोठ्या संस्था एकच नोंद अनेक यंत्रांत, अनेक शहरांत ठेवतात. अशा व्यवस्थेस वितरित डेटाबेस म्हणतात. एक यंत्र बिघडलें तरी दुसऱ्यांत नोंद शिल्लक राहते, आणि जवळच्या यंत्रास विचारल्यानें उत्तरही लवकर मिळतें. परंतु ह्या वह्यांना जोडणारी तार केव्हां तरी तुटतेच. ती तुटली म्हणजे पलीकडचें यंत्र मेलें आहे कीं केवळ मुकें झालें आहे, हें अलीकडच्या यंत्रास कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळीं गिऱ्हाईक येऊन विचारतें, 'माझी शिल्लक किती?' आपल्या वहींत जें असेल तें सांगावें, तर तें शिळें असूं शकेल. 'थांबा' म्हणावें, तर गरजवंत विन्मुख जातो. एरिक ब्रूअर ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें २००० सालीं असें अनुमान मांडलें कीं, तार तुटलेली असतांना सर्व वह्यांची एकवाक्यता आणि प्रत्येकास उत्तर हीं दोन्ही एकदम साधणार नाहींत. २००२ सालीं सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनीं तें गणितानें सिद्ध केलें. म्हणजे येथें कौशल्य वाढवून सुटका नाहीं. दोन कर्तव्यांपैकीं एक मोडावेंच लागतें. आणि ह्यालाच आपले पूर्वज धर्मसंकट म्हणत.

ह्या संकटाचें स्वरूप पाहण्यासाठीं भिंगार सोडून फार दूर जावें लागत नाहीं. अहमदनगर शहरास (२०२४ पासून अहिल्यानगरास) लागून असलेल्या ह्याच भिंगारच्या छावणींत ३ मार्च १७०७ रोजीं औरंगजेबाचा अंत झाला. आलमगीर ह्या नांवानें ती जागा अजून ओळखली जाते. साम्राज्याची मुख्य वही जणूं त्या दिवशीं मिटली. शहाजादा आझमशहा थोडक्या दिवसांपूर्वींच माळव्याकडे निघाला होता. तो जवळच असल्यामुळें तत्काळ परतला व त्याच महिन्यांत तख्तावर बसला. वडील बंधु मुअज्जम पेशावरापलीकडे जमरूद येथें होता. त्याला ही वार्ता कळावयास सुमारें तीन आठवडे लागले, आणि त्यानेंही बादशाही पद धारण केलें. विजापुराकडे गेलेल्या कामबक्षानें तिसरी बादशाही उभारली. एकाच साम्राज्यांत तीन बादशहांच्या नांवांचीं नाणीं पडलीं. जून १७०७ मध्यें आग्ऱ्याजवळ जाजऊच्या रणांत आझमशहा पडला. जानेवारी १७०९ मध्यें हैदराबादेजवळ कामबक्षाचा शेवट झाला. तीन वह्यांची पुन्हां एक वही होण्यास जवळजवळ दोन वर्षें आणि असंख्य प्राण खर्चीं पडले.

त्याच वर्षीं मराठी राज्यांतही दोन वह्या झाल्या. उत्तरेकडे जातांना आझमशहानें शाहूची सुटका केली, आणि ताराबाईनें आपल्या पुत्राच्या नांवें चालविलेल्या गादीसमोर दुसरी गादी उभी राहिली. दोन धनी झाले म्हणजे ऋणकोस निमित्त मिळतें. १७२७ सालीं निजामानें चौथाई अडवून धरली ती ह्याच मुद्द्यावर, कीं तिचा खरा धनी सातारकर कीं कोल्हापूरकर हें आधीं ठरावें. त्याचें उत्तर बाजीरावानें फेब्रुवारी १७२८ मध्यें पालखेडास दिलें, आणि मार्चमध्यें ह्याच जिल्ह्यांतील मुंगी-शेवगांव येथें तह झाला. पुढें १७३१ च्या वारणेच्या तहानें दोन्ही गाद्यांचे प्रदेश वांटले गेले, आणि अमुक मुलुखाची वही कोणाची हें निश्चित झालें. निजामास जी शंका सोयीची वाटली तीच शंका आजही प्रत्येक लबाडास सोयीची वाटते. दोन यंत्रें एकाच शिल्लकेविषयीं स्वतंत्रपणें 'होय' म्हणूं लागलीं, तर तीच रक्कम दोनदां काढणारा कोणी तरी निघतोच.

कोणी म्हणेल कीं, हा सर्व राजपुत्रांच्या लोभाचा परिणाम. निर्जीव यंत्रांशीं त्याचा काय संबंध? लोभ होता हें खरें. परंतु यंत्रांस लोभ नसूनही तेंच घडतें, ह्यावरून मूळ कारण आणखी खोल असल्याचें दिसतें. जगांतील असंख्य संगणकलेखकांचें काम सांभाळणाऱ्या गिटहब ह्या संस्थेंत २१ ऑक्टोबर २०१८ रोजीं दुरुस्ती चालू असतां अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जोडणी अवघी ४३ सेकंद तुटली. देखरेख करणाऱ्या यंत्रणेनें पश्चिम किनाऱ्यावरील वहीस मुख्य ठरविलें. पण पूर्वेकडच्या वहींत कांहीं नोंदी अशा झाल्या होत्या कीं ज्या पश्चिमेस पोंचल्याच नव्हत्या. आणि पश्चिमेस नव्या नोंदी होऊं लागल्या होत्या. ४३ सेकंदांच्या ह्या दुराव्यामुळें २४ तास ११ मिनिटें सेवा विस्कळित राहिली. चालकांना सेवा लवकर पूर्ववत् करतां आली असती. परंतु लोकांनीं सोंपविलेली एकही नोंद गमवावयाची नाहीं असें ठरवून त्यांनीं विलंबाचा दोष पत्करला, व झालेली सर्व हकीकत प्रसिद्ध केली. आमच्या मतें हा निर्णय यांत्रिक नव्हता. आपण कोणास कोणतें वचन दिलें आहे, हें आठवून तो घेतलेला होता.

ह्या रोगावर शास्त्रज्ञांनीं एक उपाय शोधला आहे, व तो पंचायतीची आठवण करून देणारा आहे. वह्या पांच असाव्यात, आणि निदान तिघींनीं लिहून घेतल्याशिवाय 'नोंद झाली' असें कोणासही सांगूं नये. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस पद्धति, जी १९९८ सालीं प्रसिद्ध झाली, आणि २०१४ सालची राफ्ट ही तिची सुबोध भगिनी, दोन्ही ह्या तत्त्वावर उभ्या आहेत. तार तुटून तीन एकीकडे व दोन दुसरीकडे राहिल्या, तर तिघींचें काम चालतें. दोघी गप्प बसतात. त्या दोघी सुस्थितींत असतात, त्यांच्यापाशीं विद्युत् असते, गिऱ्हाइकें दारीं असतात, तरीही त्या बोलत नाहींत. कारण आपल्याला सर्व ठाऊक नाहीं एवढें त्यांना ठाऊक असतें. ज्याला आपण मौन म्हणतों तें नेहमींच भ्याडपणाचें लक्षण नसतें, हें ह्या अचेतन यंत्रांपासून शिकण्यासारखें आहे. उलट, नोंद केवळ एका यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत असतांना 'पैसे पोंचले' असें दाखविणारी व्यवस्था युधिष्ठिराच्या अर्धसत्याचाच आश्रय करते. अक्षरें खरीं असतात आणि ऐकणारा मात्र फसतो.

मग सर्वांनींच मौनाचा मार्ग धरावा काय? तसें म्हणणें अविचाराचें होईल. मौनानेंही हानि होते. रुग्णालयांतील वैद्यास रुग्णाचा पूर्वीचा रोग तत्काळ कळावयास हवा असतो. तेथें कालची नोंद 'ही कालची आहे' असें सांगून देणें, कांहींच न देण्यापेक्षां कितीतरी बरें. ॲमेझॉन ह्या व्यापारी संस्थेनें २००७ सालीं डायनॅमो नांवाच्या आपल्या डेटाबेसचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत खरेदीच्या टोपलींत वस्तु ठेवूं पाहणारास कधींही नकार द्यावयाचा नाहीं असें ठरविलें होतें. त्यापायीं काढून टाकलेली वस्तु क्वचित् टोपलींत पुन्हां दिसली तरी चालेल, हेंही मान्य केलें होतें. टोपलीस हा न्याय शोभतो. पण तोच न्याय पेन्शनीच्या खात्यास किंवा सातबाराच्या उताऱ्यास लावला तर अनर्थ होईल. म्हणून डेटाबेस निवडणारानें वेगाची जाहिरात वाचण्यापूर्वीं असें विचारावें कीं, तार तुटेल त्या दिवशीं ही वही खोटें बोलेल कीं गप्प बसेल, आणि त्याची झळ कोणास लागेल? व्यवस्थापक आपल्या सोयीसाठीं निवड करतो आणि तिचें फळ अनोळखी विधवेच्या खात्यावर उतरतें, हा ह्या विषयांतील खरा अन्याय आहे. शिवाय विकणाराच्या शब्दावरही विसंबूं नये. कायल किंग्सबरी यांनीं २०१३ पासून अनेक नामांकित डेटाबेसांच्या तारा मुद्दाम तोडून परीक्षा घेतल्या, तेव्हां 'लिहून घेतलें' म्हणून सांगितलेल्या नोंदी हरविल्याचें कित्येकांच्या बाबतींत उघडकीस आलें.

ह्या दोन मार्गांच्या मध्यें एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे अज्ञानाची प्रामाणिक कबुली आणि तिची मुदत. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१९ मध्यें असा नियम केला कीं, यूपीआयनें एका व्यक्तीकडून दुसरीकडे पाठविलेली रक्कम वजा होऊन जमा झाली नाहीं, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत गेली पाहिजे. त्यापुढें विलंब झाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी. ह्या नियमाचें महत्त्व रकमेंत नाहीं. वह्या कांहीं काळ जुळणार नाहींत हें त्यांत गृहीत धरलें आहे. पण तो काळ किती असावा आणि त्याचा भार कोणीं सोसावा, हें दुर्बळाच्या बाजूनें ठरविलें आहे.

आतां देखरेखीविषयीं. कोणती चूक पत्करावयाची हें एकदां ठरविलें म्हणजे ती चूक घडते केव्हां हें जाणणें कर्तव्यच ठरतें. मोगल अमदानींत प्रांतोप्रांतींची वार्ता दरबारीं यावी म्हणून वाकेनवीस, सवानिहनिगार, खुफियानवीस व हरकारे असे निरनिराळे बातमीदार नेमलेले असत. एकाच बातमीसाठीं इतके जण कशाला, असें वाटेल. परंतु वाकेनवीस सुभेदारास सामील झाला तर दुसऱ्यानें तें कळवावें, हा त्यांतील हेतु होता. हें तत्त्व आजही विसरलें जातें. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकची सेवा जगभर बंद पडली, तेव्हां ज्या अंतर्गत साधनांनीं बिघाड शोधावयाचा त्यांतील पुष्कळशीं साधनें त्याच कोसळलेल्या जाळ्यावर अवलंबून असल्यामुळें निरुपयोगी झालीं. घर जळत असतां घंटा घराच्या आंतच टांगलेली असावी, असा तो प्रकार झाला.

पहारेकऱ्यानें काय पाहावें, ह्यालाही नीतीचा स्पर्श आहे. सरासरी हा आंकडा फार संभावित दिसतो. १०० गिऱ्हाइकांपैकीं ९९ जणांस निमिषांत उत्तर मिळालें आणि एकास पुरें मिनिटभर ताटकळावें लागलें, तर सरासरी विलंब एका सेकंदाच्याही आंतच राहतो, व तक्त्यावर सर्व क्षेम दिसतें. तो शंभरावा मनुष्य तक्त्यांत नाहींसा होतो. म्हणून जाणते लोक सरासरीबरोबरच सर्वांत अधिक थांबलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवतात. मुख्य वहीच्या मागें नकला किती सेकंद रेंगाळत आहेत हें पाहतात. आणि आपत्तीसाठीं काढून ठेवलेली प्रत खरोखर उघडते किंवा नाहीं हें वेळोवेळीं उघडून पाहतात. त्याचबरोबर, क्षुल्लक कारणासाठीं रात्रंदिवस घंटा वाजत राहिली तर पहारेकरी ती ऐकेनासा होतो, हेंही ध्यानांत ठेवावें लागतें. आणि घंटा वाजविणारासच जर वरिष्ठ दोष देऊं लागले, तर उत्तम यंत्रणाही हळूहळू दरबारी होते. धन्यास जें आवडेल तेंच ती दाखवूं लागते.

आपली स्मृति आपण दुसऱ्यांच्या हवालीं केली आहे. कोणत्या गांवीं, कोणत्या यंत्रांत आपल्या आयुष्याच्या नोंदी पडल्या आहेत, हें आपणांपैकीं कोणासही सांगतां येणार नाहीं. अशा स्थितींत त्या राखणारांपाशीं आपण चमत्काराची अपेक्षा करूं नये. तारा तुटतील, यंत्रें बंद पडतील. ज्याची अपेक्षा करावयाची तें याहून साधें व याहून कठीण आहे. ठाऊक असेल तें त्यांनीं सांगावें. ठाऊक नसेल तेव्हां तसें म्हणण्याचें धैर्य ठेवावें. आणि तेवढ्या काळाचें नुकसान विचारणाराच्या माथीं मारूं नये. आपल्या बँकेंत, कचेरींत व रुग्णालयांत हा प्रश्न विचारणारे लोक जितके वाढतील, तितकी ह्या अदृश्य वह्यांची निवड अधिक विचारानें होईल.