मुक्काम कोणाच्या जिवावर?

हिवाळ्याची सुटी आली, की परप्रांतांत नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना राहुटीत चार रात्री काढण्याची हौस येते. परंतु दुसऱ्यांनी उभारलेल्या तंबूत जाऊन निजणारा मनुष्य रानात राहिला, असे म्हणावे काय?

औरंगजेब १६६४ च्या डिसेंबरात काश्मीरसाठी दिल्लीहून निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर तंबूंचे दोन संच होते, असे बर्निए लिहितो. एकात बादशहा राही, दुसरा पुढल्या मुक्कामी आधीच रवाना होई. त्यास पेशखाना म्हणत. पुढे दौऱ्यावरील साहेबालाही खलाशांच्या कृपेने असेच सुख लाभे!

स्वतः तंबू ठोकणाऱ्यास जमीन वाचावी लागते. उतार कोणीकडे, वारा कोठला, हे पाहूनच खुंटी बाहेरच्या अंगास कलती ठोकावी. सुती दोर दवाने भिजून आखडतो. निजण्यापूर्वी तो सैल न केल्यास खुंट्या उपटतात. नायलॉनचा दोर उलट भिजून सैलावतो.

तथापि हे झाले कौशल्य. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र याहून खोल जाते. कुणब्याचे दाणे, गवत, फाटे, भाजी आणू नका, बाजारातून विकत घ्या. दिवे जळते ठेवाल, तर उंदीर वात नेईल आणि गवत पेटेल, इतका बारीक विचार त्यात आहे.

आपल्या राहुटीपाशी गवताच्या गंजी नसतात. शेकोटीसाठी बांधावरच्या काटक्या मात्र आपण बेधडक गोळा करतो, जणू त्यांना धनीच नाही. गावातील एखादी बाई त्याच काटक्यांसाठी पहाटे घरून निघालेली असते.