रिंगसमोर कोण बसलं होतं?

बसा. डबे नंतर उघडा. आधी सांगा, त्या टिपरच्या मागच्या चाकाची लॉक रिंग घणानं ठोकत होता तो कोण? आणि तेव्हाच चाकाच्या पुढ्यात फतकल मारून नळीनं हवा भरत होता तो शहाणा कोण? मला दोघंही माहीत आहेत. नावं घेत नाही, कारण बाकीचे हाताची घडी घालून तमाशा बघत होते. तेही तेवढेच दोषी.

"सर, रिंग थोडीशीच वर राहिली होती." थोडीशी! खडू घे आणि फळ्यावर ये. 10.00-20 चा टायर. बाहेरचा व्यास साधारण 41 इंच, मधलं भोक 20 इंच. एका बाजूचं क्षेत्रफळ काढ. हजार चौरस इंचांच्या आसपास येतं ना? आता 100 पौंड हवा भर. 100 पौंड म्हणजे दर चौरस इंचावर 45 किलो. गुणाकार कर. 45 टन. यातला सगळा भार रिंगवर येत नाही, बराचसा टायर स्वतःच पेलतो. पण रिंगच्या वाट्याला येतो तेवढाही माणसाला भिंतीवर आपटायला पुरून उरतो. आणि अशा रिंगला तू घण मारत होतास, दात काढत.

रिंग खोबणीत बसली नाही, तर ठोकायची नसते. हवा थांबवायची. वॉल्व्हमधली पिन काढून चाक पूर्ण रिकामं करायचं, वॉल्व्हच्या नळीत काही अडकलंय का तेही बघायचं. मग रिंग उतरवून ती का बसली नाही ते शोधायचं. चुकीचं बसलेलं चाक हवा वाढवून जागेवर येतं, ही गॅरेजमधली अक्कल इथं आणू नका. कधी कधी येतंही. म्हणून तर ती टिकून आहे.

आणि तो पिंजरा? मोठ्या खटपटीनं मंजूर करून घेतलेला, जाड लोखंडी नळ्यांचा पिंजरा. सकाळी बघितलं, त्यात तीन सायकली आणि एक हेल्मेट. वा! सायकली सुरक्षित, पोट्टे उघड्यावर. अशा लॉक रिंगवाल्या, तुकड्यांच्या रिमचं चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची, पिंजऱ्याला टेकून उभं राहायचं नाही. नळीला चिमटा हवा, तोंड वॉल्व्हवर आपोआप धरून राहील असा. मीटर आणि बंद करायची चावी नळीच्या दुसऱ्या टोकाला, आणि तुम्ही तिथे, चाकाच्या तोंडासमोरून हटून. अमेरिकेत 1980 साली या रिमसाठी कामगार सुरक्षेचा स्वतंत्र नियम काढावा लागला. एकसंध रिमची चाकं त्यात 1984 मध्ये आली. माणसं मेल्याशिवाय असले नियम कोणी लिहीत नाही.

आता ही तपासणीची वही. माझा खरा राग हिच्यावर आहे. घण मारणं हा मूर्खपणा, पण ही लबाडी आहे. "रिम ठीक. रिंग ठीक. बीड ठीक. ट्यूब ठीक. वॉल्व्ह ठीक." दहाही चाकांना ठीक, एकाच पेनानं, एकाच तिरक्या ओळीत. रकाने भरायला दोन मिनिटं लागली नसतील. मी त्या रिमच्या खोबणीतून बोट फिरवलं. गंजाचे पापुद्रे नखाएवढे निघाले. तारेचा ब्रश कपाटात कोरा पडलाय. रिंग उलटी करून बघितली, तर रिमवर एका कंपनीचा शिक्का आणि रिंगवर भलत्याच कंपनीचा. माप जवळपास तेच म्हणून आडवीतिडवी बसते, आणि "थोडीशीच वर" राहते. मिळालं उत्तर? ते त्या लोखंडावरच लिहिलेलं होतं. वाचायला वाकावं लागतं, एवढंच.

त्याच चाकातली ट्यूब मी सोडवून घेतली. टायर नवा, ट्यूब जुनी. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते. नव्या टायरात तिला घडी पडते, घडीवर घासते आणि तिथंच फाटते. फ्लॅपही दुमडलेला. आणि टायर चढावा म्हणून बीडला, म्हणजे टायरच्या आतल्या कडेला, काय फासलंत? काळं ऑइल! कॅनमध्ये होतं म्हणून. रबराला तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, आणि टायर रिमवर सरकायला लागतो. साबणाचं पाणी किंवा बीडला लावायची पेस्ट, यापलीकडे काही नाही. पेट्रोल शिंपडून काडी लावून बीड बसवणारे महाभाग तुम्ही मोबाइलवर बघता. त्यांचे फक्त जमलेले व्हिडिओ तुमच्यापर्यंत येतात.

तू, खिडकीपाशी. तुझ्याकडच्या चाकात हवा किती होती? मोजली नाहीस. "गाडी चालत आली ना, सर." चालत आली म्हणजे धडधाकट आली असं नाही. ठरलेल्या हवेच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून कमी हवेवर जे चाक धावलं, ते पंक्चर नसलं तरी आतून जखमी धरायचं. बाजूची भिंत सतत दुमडून तापते. आतून हात फिरवला, तर रबराचा काळा चुरा बोटांना लागतो. रेडियल असेल तर आतल्या तारा तुटलेल्या असतात, आणि वर नुसती हवा मारायला गेलात की ती भिंत पिशवीच्या चेनसारखी एका रेषेत उघडते. म्हणून ते आधी उतरवायचं, आतून-बाहेरून तपासायचं आणि मगच हवेचा विचार. कट कुठवर खोल गेलाय ते टोच्यानं बघायचं, दोरा दिसतोय का, फुगा आलाय का ते बघायचं. आणि हो, हवा थंड चाकाची मोजायची. मे महिन्यात चंद्रपूरला पारा 45 च्या वर जातो. खाणीतून तापून आलेलं चाक जास्त हवा दाखवणारच. तेव्हा वॉल्व्ह दाबून ती कमी केलीत, की सकाळी चाक उपाशी.

उद्या तुमच्यातले निम्मे घुग्घुस, दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणींवर, वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, नाहीतर ठेकेदाराच्या गाड्यांवर जाणार. तिथं 100 टनी डंपरचा 27.00-49 चा टायर तुमच्या डोक्यावरून उंच असतो. तो घणाला दाद देत नाही आणि टॉमीलाही नाही. त्याला हात लावायची यंत्रं आणि माणसं वेगळी. पण तिथंही टायर दगडाइतकाच उष्णतेनं मरतो. भार किती आणि सरासरी वेग किती, यांचा गुणाकार टायरच्या कुवतीबाहेर गेला की आतले थर सुटतात. दोन टायरांच्या मधला दगड काढायला डंपरला लोंबत्या लोखंडी पट्ट्या असतात. टिपरला बहुधा नसतात. तिथं तुमचे डोळे.

रिमला तडा दिसला, तर टायर चढलेला असताना वेल्डिंग करायचं नाही. हवा काढलेली असली तरी नाही. उष्णतेनं आतल्या रबरातून आणि तेलकट लेपातून वायू सुटतो, तो पेट घेतो आणि टायर फुटतो. तडकलेली रिम जोडायची नसते, भंगारात टाकायची असते. यावर चर्चा नाही.

राहता राहिलं बॅलन्सिंग. ड्रायव्हर म्हणाला, पुढून स्टीअरिंग थरथरतं. आणि तुमचा निदानाचा वेग काय वर्णावा! "सर, शिशाची वजनं लावू." अरे, रिमच्या आत बोटभर चिखल एका बाजूला वाळून घट्ट बसलाय. तो आधी खरवडा. मग बीडच्या वर टायरवर एक बारीक उमटलेली रेघ असते, ती बघा. रिमच्या कडेपासून तिचं अंतर चार ठिकाणी पट्टीनं मोजा. एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, म्हणजे टायर वाकडा बसलाय. त्याला किलोभर शिसं लावलंत तरी तो वाकडाच फिरणार. हवा काढा, बीड ओली करा, पुन्हा बसवा. मग चाक उचलून हातानं फिरवा आणि एक सळई टेकवून रिम डुलते का बघा. बेअरिंगचा खेळ बघा. एवढं सगळं सरळ निघालं आणि तरी थरथर राहिली, तर वजनाचं बोलू. तेही डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी. खाणीच्या दगडधोंड्यात रिमवर ठोकलेलं शिसं किती दिवस टिकतं, ते तिथले लोक तुम्हाला हसत सांगतील.

चाक चढवताना हब आणि डिस्कची तोंडं घासून घ्या. रंगाचा जाड थर मध्ये राहिला की तो दबतो आणि नट सैल पडतात. नट समोरासमोर आवळायचे, गोल फिरत नाही. शेवटचा जोर टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा. पान्यावर पाईप चढवून त्यावर उभं राहायचं नाही. नटाच्या कडेनं गंजाचे ओघळ दिसले तर तो नट सैल आहे, त्याला रंग फासून झाकू नका.

आता उठा. दहाही चाकं उतरतील, आणि वहीतल्या प्रत्येक "ठीक"समोर बघितलं काय ते लिहिलं जाईल. टिपर 50 किलोमीटर फिरून परत आला की सगळे नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासायचे. संध्याकाळची बस चुकली, तर चुकली.